सुपारीचा खण

१

संगणक हा फ्रीजचा कोणीतरी नातेवाईक असावा, अशी शेषरावभाऊंची समजूत होती. म्हणून प्रेसच्या एका कोपऱ्यात त्यांनी त्याच्यासाठी प्लायवूड आणि काचेची खोली केली, खिडकीत कूलर बसवला, दाराशी चपला काढायला पायपुसणं टाकलं. मॉनिटरच्या काचेवर, कपाळाशी, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि मला म्हणाले, "शालूबाई, आता हे तुमच्या हवाली. याले धूळ लागू देऊ नका."

साल सत्त्याण्णव. शेगाव, स्टेशन रोड. मी अकोल्याला डीटीपीचा कोर्स करून आले होते आणि गावात माझ्याइतकं कोणाला काही येत नाही, अशी माझी खात्री होती. लग्नपत्रिका, लॉजची पावतीबुकं, आरतीच्या चार पानी चौपन्या, हे सगळं आता मी पडद्यावर करणार होते. भक्तनिवासाकडे जाणारी माणसं वाट वाकडी करून काचेला नाक लावून बघत. मीही उगाच जास्त टाइप करायची.

प्रेस महाराष्ट्र झाला त्या वर्षी निघालेला. पहिल्या दिवसापासून तिथे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला दोन माणसं होती, पुंजाजीभाऊ आणि बद्रुद्दीनचाचा. एकाच लाकडी स्टँडच्या दोन बाजूंना समोरासमोर उभं राहून त्यांनी सारा जन्म काढला. आदल्या हिवाळ्यात पुंजाजीभाऊ गेले. शेषरावभाऊंनी पायानं चालणारं ट्रेडल छपाईमशीन विकलं आणि हा अकोल्याचा सेकंडहँड संगणक आणला. काटकसरी माणूस, नवीन टेबल कशाला करतील? सुताराला बोलावून स्टँड मधोमध कापला आणि पुंजाजीभाऊंच्या बाजूच्या सागवानाचं माझं टेबल झालं. चाचांची बाजू काचेच्या पलीकडे भिंतीला लागून राहिली.

म्हणजे मी बसायची ते पुंजाजीभाऊंच्या जागी, आणि मान वर केली की समोर चाचा दिसायचे. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

२

दुसऱ्याच्या संगणकावर बसणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करणं. साखर कुठं, पत्ती कुठं, काही पत्ता लागत नाही. आधीच्या मालकानं सगळा पडदा चित्रांनी भरून टाकला होता. पानं लावायचा पेजमेकर प्रोग्राम शोधायला मला अर्धी सकाळ लागली, तो एका खेळाच्या चिन्हामागे दडून बसलेला. मराठी फॉन्टचा प्रोग्राम तर भलत्याच नावाच्या फोल्डरात निघाला. काही चिन्हं अशी की उघडली की नुसता काळा चौकोन यायचा आणि जायचा.

मी सगळं झाडून काढलं. नको ते पडद्यावरच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. रोज लागणारे प्रोग्राम डाव्या कडेला एकाखाली एक लावले, लग्नपत्रिकांचे फोल्डर त्यांच्या शेजारी, टोपली अगदी खाली उजव्या कोपऱ्यात. मग खुर्ची मागे ढकलून बघितलं. इतकं नेटकं घर आमच्या आईनंही कधी लावलं नसेल.

काचेपलीकडे चाचा स्टुलावर बसून जुने खिळे निवडत होते. त्यांना आता तसं काम नव्हतं. कागद कापायचे, पावतीबुकं शिवायची. आंबे उतरले की ते रोहिणखेडला लेकीकडे, अमीनाकडे कायमचे जाणार होते. तिला मुलगा झाला होता आणि नातवाचं तोंड त्यांनी अजून बघितलं नव्हतं. तोवर ते प्रेसमध्येच झोपत आणि हात रिकामा राहू नये म्हणून खिळे खणात टाकत बसत. टिक. टिक. टिक. तो आवाज मला आवडायचा. घरात कोणीतरी मोठं माणूस जागं आहे, असं वाटायचं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी कव्हर काढलं तर माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला.

झाडणाऱ्या बाईनं सरकवला असेल म्हणून मी तो उजवीकडे घेतला आणि संगणक सुरू केला. माझी नेटकी ओळ मोडलेली होती. सगळी चिन्हं पडद्याच्या डाव्या अर्ध्यात होती, पण ओळीत नव्हती. वाकडी, अर्धगोल मांडलेली. पेजमेकर सगळ्यांत जवळ, मग फॉन्ट, मग बाकीची लांब लांब. मधे एक रिकामा पट्टा. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून फटकून, एकटी कचऱ्याची टोपली.

शेषरावभाऊंना विचारलं तर ते उलट घाबरले. "मी तं त्याले हातबी लावत नाई बाई. शॉक लागला म्हंजे?"

मी पुन्हा लावून ठेवलं. संगणकात 'ऑटो अरेंज' म्हणून एक सोय असते, ती चिन्हं आपोआप लावते. तिचाच घोळ असणार. ती बंद होती, हे मी स्वतःला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशीही. मी विज्ञानाची मुलगी, भूतबित काही नसतं हे मला पाठ होतं. त्या संध्याकाळी मी माऊसची वायर काढली आणि माऊस पर्समध्ये घालून घरी नेला. आई म्हणाली, हे काय आणलंस शेपटीवालं? मी म्हटलं, दुरुस्तीला.

सकाळी तो मी स्वतःच्या हातानं परत जोडला. पडदा उजळला. अर्धगोल तिथंच होता, जरा आणखी नीट झालेला. आदल्या दिवशीच केलेली एका लग्नपत्रिकेची फाइलसुद्धा त्यात आपल्या जागी जाऊन बसली होती.

मी माऊस सोडून दिला आणि खुर्ची मागे ढकलली.

४

मी चाचांना हाक मारली. "चाचा, जरा येता का? हे बघा ना."

ते चपला काढून, हात पुसून आत आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पडद्याकडे बघत राहिले.

"तुले कोनं सांगतलं हे?" त्यांनी विचारलं.

"काय सांगितलं?"

"हे अशी मांडनी. हे पुंजाची केस हाये, पोरी."

केस म्हणजे खणाखणांचा उथळ लाकडी ट्रे, त्यात खिळे ठेवतात. चाचांनी बोट काचेला न लावता दाखवलं. पुंजाजीभाऊ डावरे होते. सगळ्या दुनियेची केस एकीकडे आणि त्यांची दुसरीकडे. जास्त लागणारे खिळे डाव्या हाताशी अर्धगोलात, मधे शब्दांमध्ये जागा सोडायचे कोरे खिळे, आणि खाली डाव्या कोपऱ्यातला खण नेहमी रिकामा.

"रिकामा का?"

"सुपारीसाठी." चाचा हसले. पण त्यांचे डोळे भरून आले होते. "अडकित्त्यानं कातरून तिथं ठेवत जाय. मालक आला का वरतून दोन खिळे टाकत जाय. मी त्याले म्हनो, पुंजा, एखाद्या दिवशी कोनाच्या लग्नात सुपारी छापशील बे!"

त्या कोपऱ्यात आता माझी कचऱ्याची टोपली होती. मला खरं म्हणजे ओरडावंसं वाटत होतं, पण स्टेशनावर आपलं माणूस उतरताना बघावं तसे चाचा पडद्याकडे बघत होते.

जाताना ते काचेच्या दारात थांबले. "हलवू नको," म्हणाले. "राहू दे त्याच्या हातचं."

५

ते मी राहू दिलं. चार-आठ दिवस तशीच त्या मांडणीत काम करत होते आणि लाज वाटते सांगायला, हात सरावला. पण टिक टिक आता मला नीट ऐकू येऊ लागली होती. चाचा एक खिळा टाकत, मग थोडा वेळ जाई, आणि दुसरी टिक व्हायची. दुसरी टिक होताना चाचांचा हात मांडीवर असायचा.

एकदा कागदाचं रीम काढायला मी चाचांच्या स्टँडखाली वाकले. तिथं गोणपाटात काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. उघडलं तर मॅटर, म्हणजे खिळ्यांत जुळवलेला मजकूर, चारी बाजूंनी सुतळीनं बांधलेलं. उलटी अक्षरं वाचायची सवय मला नव्हती, पण पुंजाजीभाऊंचं नाव मी ओळखलं. त्यांची शोकपत्रिका होती. हिवाळ्यात ट्रेडलवर छापलेलं शेवटचं काम.

"ठेव तिथं," चाचा मागून म्हणाले.

"हे अजून सोडलं नाही?" जुळवलेले खिळे छपाई झाली की परत खणात टाकतात, त्याला मॅटर सोडणं म्हणतात, एवढं मी शिकले होते.

चाचांनी गोणपाट परत नीट लपेटलं. त्यांचा चेहरा नेहमीचा नव्हता. "गेलेल्या मानसाच्या कार्डाचं मॅटर दिवे लागाच्या आत सोडा लागते. ह्या प्रेसची पयल्या दिवसापासूनची रीत हाये. मीच पुंजाले शिकवली होती."

"आणि नाही सोडलं तर?"

"उभं राह्यलेलं मॅटर त्याच टेबलावरचं दुसरं मानूस मांगते, म्हनत." जसं पाऊस लवकर येईल म्हणावं, तसं ते म्हणाले.

"मग चाचा, काऊन ठेवलं?" घाबरले की मलाही आपली भाषा आठवते.

"अव, हे सोडलं म्हंजे तो गेला ना." ते स्टुलावर बसले. "तोपर्यंत तं समोर हाये. तू पाह्यलंच ना."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. मला अमीनाचा मुलगा आठवला, ज्याच्यासाठी त्यांनी मंदिरासमोरच्या दुकानातून लाकडी बैलगाडी घेऊन ठेवली होती. मी म्हटलं, "चाचा, तुम्हाला नातवाकडं जायचंय. आज सोडा. मी मदत करते."

"सोडतो ना. जायच्या दिवशी सोडतो."

मी रागावले. इतकी रागावले की दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. पण घरी गेल्यावर सारखं वाटत राही की हा म्हातारा आपल्या डोळ्यांदेखत काचेपलीकडून चाललाय.

६

जुम्म्याला चाचा नमाजला गेले आणि शेषरावभाऊ जेवायला घरी. प्रेसमध्ये मी एकटीच होते. बाहेर उन्हानं रस्ता पांढरा झाला होता.

मी ठरवलं, आपणच सोडायचं. भूत नाही, मान्य. पण नसलेल्या भुताला एक सुतळी कापून दिल्यानं कोणाचं काय बिघडतं?

गोणपाट चाचांच्या स्टँडवर ठेवलं आणि सुतळी कापली. एक खिळा उचलला. कुठं टाकायचा? मला केस माहीत नव्हती. चाचांच्या ट्रेमध्ये अंदाजानं एका खणात टाकला. टिक. दुसरा टाकला. टिक. बहुतेक चुकतच होतं, पण मी टाकत गेले.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत थांबला, यूपीएस किंचाळायला लागला म्हणून आत जाऊन, टेबलाच्या काचेकडच्या बाजूनंच मॉनिटर माझ्याकडे वळवून संगणक बंद केला. मग एकदम शांत झालं. दूर स्टेशनात कुठलीतरी गाडी उभी होती, तिचं इंजिन फुसफुसत होतं.

मागे, काचेपलीकडे, टिक.

मी वळले नाही. माझ्यासमोर मॉनिटरची काळी काच होती आणि तिच्यात माझ्यामागचा प्रेस दिसत होता, चाचांचा स्टँड दिसत होता. मी चुकीच्या खणात टाकलेले खिळे कोणीतरी काढून बरोबर खणात टाकत होतं. पूर्ण माणूस दिसला नाही. कुंकवाच्या स्वस्तिकाच्या आड डोकं होतं, असलं तर. दिसला तो एक हात. पांढरी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, बोटं शाईनं काळी. डावा हात. तो सवयीनं चालत होता, घाई नाही, राग नाही. मग तो खाली कोपऱ्यातल्या खणाकडे गेला आणि काहीतरी ठेवून वर आला.

मी किंचाळत बाहेर पळाले ती रस्त्यावर, अनवाणी. पाय भाजले तेव्हा भानावर आले.

चाचा नमाजहून येत होते. मला धरून आत घेऊन गेले. स्टँडपाशी कोणी नव्हतं. कोपऱ्यातल्या खणात सुपारीचा एक तुकडा होता, कातरलेल्या कडा पांढऱ्याशुभ्र. चाचांनी तो उचलला आणि तोंडात टाकला.

"चाचा!"

"कायले भेतं? त्यानं कव्हा एकट्यानं खाल्ली नाई." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं, नको रडू. उद्या पहाटे सोडतो सगळं, आन दुपारच्या एसटीनं जातो रोहिणखेडले. आंब्यायची वाट नाई पाहत. अल्लाची कसम."

मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

७

सकाळी प्रेस उघडा होता. दाराशी चाचांची पिशवी भरून ठेवलेली, वरून लाकडी बैलगाडीचं चाक डोकावत होतं. चाचा स्टुलावर बसले होते, भिंतीला पाठ लावून. स्टँडवर गोणपाट रिकामं होतं आणि सुतळीची गुंडी करून ठेवली होती. मला इतका आनंद झाला!

"सोडलं ना चाचा? चहा सांगते हं," असं म्हणत मी काचेच्या खोलीत शिरले, कव्हर काढलं, बटण दाबलं.

पडदा उजळला. डावीकडे पुंजाजीभाऊंचा अर्धगोल होता, पण त्यातली निम्मी चिन्हं उठून उजवीकडे गेली होती. तिथं दुसरा अर्धगोल झाला होता, पहिल्याकडे तोंड करून. दोन माणसं समोरासमोर उभी राहून काम करतात तसे. मधे कोरा पट्टा.

मी मान वर केली. काचेपलीकडून चाचा माझ्याकडेच बघत होते, चष्मा कपाळावर होता. त्यांच्या गालात काहीतरी होतं, सुपारी धरावी तसं. डोळे मिटत नव्हते.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले असावेत. कोणी स्टुलावर बसून झोपतं का, हे मी विचारलं नाही.

८

दुपारी अमीनाच्या घरचे गाडी घेऊन आले आणि त्यांना रोहिणखेडला घेऊन गेले. पिशवीही गेली. शेषरावभाऊ मुलासारखे रडले. मग म्हणाले, "शालूबाई, गिऱ्हाइकायले कळवा लागंन. चाचाच्या नावानं एक लहानसं कार्ड करा. पुंजाजीचं केलं होतं, याचं काऊन नाई?"

ते कार्ड मी केलं, छापून काढलं. त्या संगणकावर मी केलेलं सगळ्यांत चांगलं काम ते. संध्याकाळ व्हायला आली तशी मला प्रेसची रीत आठवली. पण इथं सोडायचं काय? खिळे नाहीत, सुतळी नाही. मी फाइल उचलली आणि खाली डाव्या कोपऱ्यातल्या टोपलीत टाकली. मग टोपली रिकामी केली. नक्की का, असं संगणकानं विचारलं. मी हो म्हटलं. बाहेर दुकानांत दिवे अजून लागायचे होते.

दुसऱ्या दिवशी चिन्हं डाव्या कडेला एका ओळीत होती, मी पहिल्यांदा लावली होती तशी. माऊस उजवीकडे. टिक नाही, काही नाही. सुटले म्हणून हसायला हवं होतं. मी त्या नेटक्या ओळीकडे बघून ढसाढसा रडले.

९

पुढे प्रेस बंद पडला. शेषरावभाऊ सामान विकत होते तेव्हा ते सागवानी टेबल मी मागून घेतलं. लोक म्हणाले, एवढं जुनं धूड कशाला? मला ते हवं होतं. त्याच्यापाशी बसलं की शाईचा आणि खिळे धुवायच्या रॉकेलचा वास येतो, असं मला अजून वाटतं. माझं स्वतःचं दुकान झालं, लग्न झालं, केस पिकले, संगणक किती बदलले. टेबल तेच आहे.

जुन्या संगणकाची हार्ड डिस्कही मी माळ्यावर जपून ठेवली होती. मागच्या आठवड्यात आवराआवर करताना निघाली. आरतीच्या जुन्या चौपन्या मिळतील म्हणून खामगावच्या दुरुस्तीवाल्याकडे दिली. काल त्याचा फोन आला.

"काकू, बाकी काही राह्यलं नाई. एकच फाइल पुरी निंघाली. कोन्या बद्रुद्दीनचं कार्ड हाये."

मी म्हटलं, ती तर मी पुसली होती. त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत.

तो हसला. आजकालची मुलं कशी समजावून सांगतात, तसं त्यानं सांगितलं. "काकू, पुसली म्हंजे जात नसते. नाव तेवढं मिटते, मजकूर आतमध्ये तसाच उभा राह्यते."

रात्रभर मी त्याचं वाक्य मनात मोडून बघत होते, कुठून तरी त्याचा दुसरा अर्थ निघतो का ते.

आज सकाळी दुकान उघडलं. कव्हर काढलं तर माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला होता. पडद्यावर दोन अर्धगोल समोरासमोर, आणि या वेळी ते खालच्या बाजूनं जरा फाकलेले होते. मधली जागा मी बसते तिकडून उघडी ठेवली होती, पंगतीत सरकून कोणाला तरी जागा करतात तशी. खाली डाव्या कोपऱ्यात टोपली. टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर सुपारीचे दोन तुकडे होते.

मी घाबरले. खूप घाबरले, खोटं कशाला बोलू. लेकीला फोन लावावा म्हणून हात पुढे केला. पण मग भिंतीकडून टिक झाली आणि थोड्या वेळानं दुसरी. सगळा जन्म मला दुकानात एकटं बसून वाटत आलं होतं की समोर कोणीतरी असायला हवं.

दारात एक लग्नपत्रिकेवाले येऊन उभे होते. त्यांना बसायला सांगितलं. माऊस मी उजवीकडे घेतला नाही, डाव्या हातानंच काम सुरू केलं.